हे सायकलवाले असेच!

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा झाली. सभा आटोपल्यावर नववीतल्या एका मुलीचे वडील थांबून राहिले. कुपवाडच्या एमआयडीसीत ते कामाला आहेत. दुसरी पाळी गाठायची घाई होती, तरी माझ्या टेबलाजवळ उभे होते.

"सर, पोरीची सायकल बंद केली," ते म्हणाले.

"का हो? काय झालं?"

"मागच्या आठवड्यात पुलावर मागून गाडी आली. हॉर्न वाजवत वाजवत अगदी खेटून गेली. पोरगी कठड्याला घासली, कोपर सोललं. पुढं जाऊन गाडी थांबली, काच खाली झाली. तिला वाटलं, विचारपूस करतायत. तर आतला माणूस म्हणाला, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"

क्षणभर ते गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "बाप मीच. रस्ता माझा नाही, हे तर खरंच आहे."

मुलगी हुशार आहे. घरापासून शाळा चार-साडेचार किलोमीटर. मी विचारले, आता कशी येणार? "वडापनं पाठवतो जमेल तेवढे दिवस. दहावी झाली की बघू." आम्हा शिक्षकांना या 'बघू'चा अर्थ चांगला ठाऊक असतो. अशा 'बघू'नंतर कितीतरी मुली आमच्या हजेरीपटावरून गेल्या आहेत.

ती गाडी माझी नव्हती. पण घरी जाताना एक गोष्ट मनातून जाईना, ती आज वाचक बंधुभगिनींसमोर कबूल करतो.

ट्रॅक्टर आणि सायकल

त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. मुलाला गाडीत घेऊन निघालो होतो. उसाचे दिवस होते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. रस्ता अरुंद, त्यामुळे पाच-सात मिनिटे मी त्याच्यामागे मुकाट्याने गाडी चालवली. एकदाही हॉर्न वाजवला नाही. ट्रॅक्टर वळला आणि पुढे एक म्हातारे गृहस्थ सायकलवर दिसले, मागे गवताचा भारा बांधलेला. त्यांच्यामागे मला दहा सेकंदही थांबवले नाही. दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा दाबूनच धरला. ते बिचारे घाबरून खडीवर उतरले आणि मी पुढे निघालो.

मुलाने विचारले, "अब्बू, त्यांनी काय केलं होतं?"

मी म्हणालो, "काही नाही रे. हे सायकलवाले असेच. मधेच चालवतात."

तो म्हणाला, "पण ट्रॅक्टर पण मधेच होता."

माझ्याकडे उत्तर नव्हते. ट्रॅक्टरने माझी पाच मिनिटे घेतली तेव्हा मला ती त्याची अडचण वाटली. म्हाताऱ्याने दहा सेकंद घेतली तर मला तो त्याचा स्वभाव वाटला. ट्रॅक्टरपुढे माझी गाडी लहान, सायकलपुढे मोठी. फरक एवढाच.

आपण म्हणतो, रस्त्यावरचे अपघात दिसले नाही म्हणून होतात, ब्रेक लागला नाही म्हणून होतात. तसेही होतात. पण पुष्कळदा समोरची सायकल आपल्याला नीट दिसलेली असते. तिच्यावर बसलेल्या माणसाविषयीचे मत मात्र आधीच तयार असते, आणि पाय ब्रेकवर जावा की एक्सलरेटरवर, हे ते मत ठरवते.

अभ्यासकांना काय आढळले?

ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने 2002 साली एक अहवाल काढला. मोटार चालवणारे सायकलस्वारांकडे कसे पाहतात, हा विषय होता. त्यांना आढळले की सायकलस्वार अचानक बाजूला वळला तर चालक त्यामागचे कारण शोधतच नाहीत. पुढे खड्डा होता का, उभ्या गाडीचे दार उघडले का, हे कुणी पाहत नाही. हे लोक बेभरवशाचेच, असे म्हणून मोकळे होतात. आपल्यासारख्या दुसऱ्या चालकाची चूक झाली, तर मात्र परिस्थितीकडे बोट दाखवतात.

त्या देशातल्याच बाथ विद्यापीठाच्या इयान वॉकर या मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये स्वतःच प्रयोग केला. सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावून तो रस्त्यावर उतरला आणि दोन हजारांहून अधिक गाड्या आपल्याला किती अंतर ठेवून ओलांडतात, ते मोजले. हेल्मेट घातले की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून जात. लांब केसांचा टोप घालून तो मागून बाईसारखा दिसू लागला, तेव्हा त्याच गाड्या सरासरी 14 सेंटिमीटर जास्त जागा सोडू लागल्या. या प्रयोगात त्याला एका बसची आणि एका ट्रकची धडकही बसली. हेल्मेटविषयीच्या त्याच्या निष्कर्षावर पुढे इतर अभ्यासकांनी हरकत घेतली, म्हणून कुणी हेल्मेट काढून ठेवू नये. पण सायकल तीच, चालवणारा तोच, आणि मागून दिसणाऱ्या वेशावरून चालकाचा हात बदलतो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

पुढच्या प्रयोगात वेगवेगळ्या सात वेशांची परीक्षा झाली. त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. एका जाकिटावर 'मी नवशिका आहे' अशा अर्थाची सूचना होती. तिचा काही उपयोग झाला नाही. गाड्यांनी थोडी जास्त जागा सोडली ती एकाच जाकिटाला. त्यावर पोलीस हा शब्द होता आणि चित्रीकरण चालू असल्याची सूचना होती. म्हणजे नवशिक्याची दया आली नाही, दंडाची भीती मात्र वाटली.

सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 442 लोकांना एक चित्रमालिका दाखवली गेली. काहींना वानरापासून माणसापर्यंतची ती प्रसिद्ध मालिका, काहींना किड्यापासून माणसापर्यंतची. त्या चित्रामागचे मत आपल्याला मान्य असो वा नसो, प्रश्न साधा होता. सायकलस्वारांना यात कुठे बसवाल? सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी त्यांना पूर्ण माणसाच्या खाली बसवले. जाणूनबुजून गाडी आडवी घालून सायकलस्वाराची वाट अडवल्याचे 17 टक्क्यांनी कबूल केले. मुद्दाम खेटून गाडी नेल्याचे 11 टक्क्यांनी आणि कट मारल्याचे 9 टक्क्यांनी मान्य केले. ज्यांनी सायकलस्वाराला माणसापेक्षा खाली बसवले होते, त्यांच्यातच असे वागण्याचे प्रमाण जास्त होते.

ही सगळी उदाहरणे परदेशातली आहेत. पण पुलावरच्या त्या मुलीच्या सोललेल्या कोपराचे कारण मला त्यांतच सापडले.

ओळखीचे वाक्य

'हे लोक असेच.' हे वाक्य आपल्या घरांत कुणाला नवीन आहे? भाड्याने घर बघायला गेल्यावर नाव सांगितल्याबरोबर घरमालकाचा चेहरा बदलतो, तेव्हा तो मनात हेच म्हणत असतो. रेल्वेच्या डब्यात दाढीकडे किंवा बुरख्याकडे बघून गप्पा थांबतात, त्यामागेही हेच असते. आपल्यातल्या एकाने चूक केली की ती सगळ्यांच्या माथी. दुसऱ्यांतल्या कुणी केली की ती त्या एका माणसाची. याचा सल काय असतो, ते मला आणि तुम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

दोन्ही दुःखे सारखी आहेत असे मी म्हणत नाही. सायकलवरून उतरून पायी चालता येते, नाव उतरवून ठेवता येत नाही. पण मनातला दोष एकाच रीतीने वाढतो. आधी माणसांचा एक गठ्ठा बांधायचा, मग त्या गठ्ठ्याला एक स्वभाव चिकटवायचा आणि शेवटी समोर आलेल्या प्रत्येकावर त्याचा राग काढायचा. ज्यांनी हे सोसले, त्यांच्याच तोंडून स्टिअरिंग हातात येताच तेच वाक्य निघावे, याची मला त्या संध्याकाळी लाज वाटली.

सायकल हलकी कधी झाली?

आमच्या लहानपणी घरात सायकल असणे ही इज्जतीची गोष्ट होती. अब्बांची सायकल ईदच्या आदल्या दिवशी तेलपाणी करून, पुसून चकचकीत केली जाई. गावोगावच्या नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. म्हणजे सायकल रस्त्यावरचे रीतसर वाहन होती. 'सायकलवाले टॅक्स कुठे भरतात,' असे आज जे म्हणतात, त्यांच्या आजोबांनी तोही भरलेला असेल. आणि गल्लीबोळातला रस्ता होतो तो सार्वजनिक पैशातून. त्या पैशात सायकलवरचा मजूरही साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर देऊन भर घालतोच.

मग घरोघरी मोटारसायकली आल्या, गाड्या आल्या. ज्याला ते जमले नाही, तो सायकलवर राहिला. सायकल ही गरिबीची खूण झाली आणि गरिबाविषयी जे मनात होते, ते सायकलला चिकटले. खरे पाहता 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती. तरी रस्ते आखताना तिची आठवण कुणाला होत नाही. कोलकाता पोलिसांनी तर 2013 मध्ये वाहतुकीला अडथळा होतो म्हणून दीडशेहून अधिक रस्त्यांवर सायकललाच बंदी घातली. दूधवाला, पेपरवाला, कारखान्यातला कामगार यांनी जायचे कुठून, हा प्रश्न त्यांनाच सोडवावा लागला. मनातला पूर्वग्रह असाच एक दिवस कागदावर उतरतो आणि नियम होऊन बसतो.

आणि सायकल म्हणजे काय, ते बिहारला विचारा. तिथल्या सरकारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू केले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. सरकार सायकल देऊ शकते. पुलावर मागून येणाऱ्या गाडीतला माणूस ती परत काढून घेऊ शकतो.

हे बदलू शकते का? नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो नेहमीच तसा नव्हता. 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर 3,000 हून अधिक माणसे मेली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच 'मुलांचा खून थांबवा' असे होते. त्यानंतर हळूहळू रस्ते बदलले आणि सायकलींना स्वतंत्र वाट मिळाली. तिथल्या कायद्यानुसार 14 वर्षांखालच्या मुलाला मोटारीची धडक बसली, तर भरपाईची जबाबदारी जवळजवळ नेहमीच मोटारवाल्याकडे जाते. तिथे गाडी चालवणारा बहुतेक प्रत्येक माणूस स्वतःही सायकल चालवतो, हेही महत्त्वाचे. त्यामुळे 'हे लोक' म्हणायला त्याला वेगळे कुणी सापडत नाही.

रस्त्याचा हक

आपल्याला हे शिकायला फार लांब जायची गरज नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचे हक सांगितले, त्यांत कुणाला इजा न करणे आणि सलामाला उत्तर देणे आहे. रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपली मुले मकतबमध्ये पाठ करतात. काटा आणि दगड म्हणजेच इजा, असे समजून आपण थांबतो. खेटून जाणारा बंपर इजा नाही तर काय आहे?

आणखी एक हदीस आहे. स्वार असेल त्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा. किती मोठा विचार आहे हा! ज्याच्याकडे बळ जास्त, नम्रतेची सुरुवात त्याने करायची. ब्रिटनने 2022 मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत बदल करून लिहिले की ज्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते, त्याच्या चालकावर जबाबदारीही जास्त. आपल्याला हे धोरण चौदाशे वर्षांपूर्वी सलामाच्या रूपाने मिळाले आहे. आपण मात्र पायी चालणाऱ्याला आणि सायकलवरच्या माणसाला आधी हॉर्न करतो.

सूरह हुजुरातमध्ये एका गटाने दुसऱ्या गटाची टिंगल करू नये, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील, अशी शिकवण आहे. लगेच पुढे वाईट गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला नसीहत करतात: लोकांपासून तोंड फिरवू नकोस, जमिनीवर ताठ्याने चालू नकोस, चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव. ती बापाने मुलाला केलेली नसीहत आहे. माझ्या गाडीत मात्र मुलाने बापाला केली.

घरापासून सुरुवात

शिक्षक असल्याने उपदेश केल्यावर गृहपाठ दिल्याशिवाय मला राहवत नाही. या महिन्यात एवढे करून पाहू या.

पहिली गोष्ट शब्दाची. ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासकांनी सुचवले की 'सायकलस्वार' असा शिक्का मारण्याऐवजी 'सायकल चालवणारी माणसे' म्हणा. आपण घरात 'सायकलवाला'ऐवजी 'सायकलवरचा माणूस' म्हणून पाहू. मुले लगेच उचलतात.

दुसरी अंतराची. सायकल ओलांडताना निदान दीड मीटर जागा सोडा. तेवढी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत मागे राहा, ट्रॅक्टरमागे राहतो तसे. मागून जवळ जाऊन हॉर्न दाबू नका. दचकलेला माणूस नेमका चाकाखाली येतो.

तिसरी दाराची. रस्त्याकडेला गाडी उभी केल्यावर चालकाने उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडावे. अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. मागच्या सीटवरच्या मुलांनाही दाराच्या दूरच्या हाताने दार उघडण्याची सवय लावा.

चौथी आपल्याच मोहल्ल्याची. जुम्याच्या नमाजला मशिदीबाहेर रस्त्याच्या कडेला आपण गाड्या लावतो. मग शाळेतून येणारी मुले सायकली घेऊन रस्त्याच्या मधोमध येतात. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची पंधरा मिनिटे आपल्या गाड्या कशा पळतात, तेही आठवून पाहा. दिवसभराचा सब्र शेवटच्या वळणावर सोडून द्यायचा नसतो. मशिदीच्या जमातीने पार्किंगसाठी दोन तरुण उभे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

पाचवी सायकलवरच्या आपल्या मुलांची. मागे लाल रिफ्लेक्टर आणि संध्याकाळी दिवा हवाच. उलट्या बाजूने जायचे नाही, कानात इअरफोन घालायचे नाहीत, तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जायचे नाही. सायकलवरची माणसेही चुका करतात. पण त्यांच्या चुकीत बहुधा त्यांचाच जीव जातो, आपल्या चुकीत दुसऱ्याचा.

2022 मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. रोजची सरासरी साडेचारशेच्या वर जाते. दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चालणारा होता. हा आकडा एका दिवसात खाली येणार नाही. त्यासाठी रस्तेही बदलावे लागतील आणि कायद्याचा धाकही लागेल. पण आपल्या गाडीच्या पुढचे दोन मीटर आजपासून बदलता येतात.

त्या मुलीच्या वडिलांना मी पुन्हा भेटलो. आम्ही असे ठरवले आहे की त्याच वाटेने येणाऱ्या चार मुलींनी एकत्र सायकलवर यावे, आणि पहिले काही दिवस आमच्यापैकी एका शिक्षकाने पुलापर्यंत सोबत जावे. मी माझी जुनी सायकल दुरुस्तीला टाकली आहे. मुलाने विचारले, "अब्बू, तुम्ही चालवणार?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग मागून कुणी हॉर्न वाजवला तर?"

याही वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. ते तुमच्याकडे आहे. पुलावर चार मुली आणि एक मास्तर सायकलवर दिसले, तर थोडा वेळ मागे राहा. अल्लाह आपल्या मनातला तकब्बुर आणि वाईट गुमान दूर करो आणि आपल्या हातून कुणाच्या लेकराला इजा न होवो. आमीन.